समुद्रावरची पाणीपाळी

वाचकहो, तुमच्या घरी एखादे वयस्क, आजारी माणूस असेल, तर दिवसभरात तुम्ही त्याला किती वेळा ‘नको’ म्हणता, हे कधी मोजले आहे का? मी मोजले नव्हते. जिना नको, ओट्यावर एकटे बसणे नको, लोणचे नको, उन्हात नको, लग्नकार्याला नको. हे सारे ‘नको’ मायेपोटीच असतात आणि त्यांतले बरेचसे योग्यही असतात. तरी त्यांची एकावर एक चवड रचली, की पलीकडचे माणूस दिसेनासे होते. आमच्या घरी ती चवड कशी रचली गेली आणि गेल्या हिवाळ्यात एका दिवसाच्या समुद्रसफरीत ती कशी थोडी ढासळली, ते तुम्हाला सांगते.

आम्ही बीड जिल्ह्यातले, अंबाजोगाईचे. पाण्याशी आमचे नाते कसे, ते वेगळे सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आम्ही ऐन तारुण्यात पाहिला. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा तर कालपरवाचा वाटतो. आमच्या घरचे हे पाटबंधारे खात्यात होते. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाच्या उजव्या कालव्यावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. कोणत्या चारीला किती पाणी, किती तास आणि कुणाची पाळी, याचा हिशेब ठेवण्यात त्यांचे आयुष्य सरले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे’ हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षे लिहिले, त्याला गणती नाही. तेवढ्या काळात मुंबईला एकदा चौपाटीच्या गर्दीत उभी राहून लांबून समुद्र पाहिला, इतकेच. यांनी तर तेवढाही नाही.

आणखी एक गंमत आहे. आमच्या गावची योगेश्वरी ही कोकणातल्या असंख्य घराण्यांची कुलदेवता. दरवर्षी कोकणातून माणसे देवीच्या दर्शनाला आमच्या दारावरून जातात. ओट्यावर टेकतात, पाणी मागतात, आणि ‘एकदा आमच्याकडे या’ म्हणून जातात. हे हसून म्हणायचे, ‘निवृत्त झालो की येतो.’ निवृत्ती आली, नातवंडे आली, आणि मग दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एका पहाटे यांना अर्धांगवायूचा झटका आला.

तो प्रसंग विस्ताराने सांगत नाही. वेळेवर उपचार मिळाले, वाचा शाबूत राहिली. डावा हात आणि डावा पाय मात्र कमकुवत राहिले. चार पायांची काठी आली, व्यायाम आले, रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आल्या. आणि आले माझे ‘नको’. माणूस हळूहळू चालू लागला, पण उंबऱ्याच्या आत. बोलणे कमी झाले. पूर्वी वर्तमानपत्रात धरणांच्या साठ्याचे आकडे आले, की हे मोठ्याने वाचून दाखवत. तेही बंद झाले. पुण्याहून आलेल्या लेकीच्या हे ध्यानात आले. ती म्हणाली, ‘आई, बाबांची तब्येत सुधारते आहे, पण बाबा कुठे आहेत?’

तिनेच मालवणचा बेत काढला. माझे उत्तर ठरलेलेच होते. पण या वेळी तिने मला न विचारता डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्तदाब पाहिला, दोन तपासण्या करायला लावल्या आणि सांगितले, ‘जाऊ द्या. मात्र प्रवास तुकड्यातुकड्यांनी करा. दर दोन तासांनी उतरवून चार पावले चालवा, बसल्या जागी पायांचे घोटे हलवायला लावा, आणि गोळ्यांच्या वेळा चुकवू नका.’ बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ही चार पावले महत्त्वाची.

कोल्हापूरला मुक्काम करून, फोंडा घाट उतरून आम्ही कोकणात आलो. वाटेत यांच्यासाठी गाडी पुनःपुन्हा थांबवावी लागत होती. या वयात प्रोस्टेटची तक्रार बहुतेक पुरुषांना असतेच. त्यात यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. प्रत्येक वेळी काठी काढायची, जावयांनी एका बाजूने धरायचे, बरीशी जागा शोधायची. घाटाच्या अलीकडे यांनी पुन्हा थांबायला सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून गेले, ‘पुन्हा?’ मी म्हणाले आणि विसरूनही गेले.

मालवणच्या धक्क्यावर संध्याकाळी पोहोचलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम शिवरायांनी सुरू केले आणि जो तीन वर्षांत उभा राहिला, तो हाच. शाळेत तोही मी शिकवला होता. जावयांनी यांना सांगितले, की किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही त्यांची नावे. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोडे झरे! यांचे डोळे चमकले. दोन वर्षांत मी ती चमक पाहिली नव्हती. ‘उद्या जाऊन बघायला पाहिजेत,’ हे म्हणाले. मी धक्क्याकडे पाहिले. होड्यांसाठी गर्दी, ओल्या पायऱ्या, लाटांवर डुलणाऱ्या होड्या, घाईने चढणारी माणसे. म्हटले, ‘नको हो. जमणार नाही.’ यांनी किल्ल्याकडे पाठ फिरवली आणि गाडीकडे चालू लागले. त्या वेळी माझा ‘नको’ बरोबरच होता, हे आजही मी म्हणेन. पण तो म्हणताना मी दुसरी वाट शोधलीच नाही, हेही खरे.

आम्ही देवबागला उतरलो होतो. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी. टोकाला दोन्ही पाणी एकमेकांना मिळते. ज्या घरी मुक्काम होता, त्या घरच्या मालकांची स्वतःची मोटारबोट होती. मागे इंजिन, वर कापडी छत, आठ माणसांपुरती बाके. रात्री जेवताना सारी हकीगत ऐकून ते म्हणाले, ‘तुमच्यापुरतीच बोट काढू. कुणाची घाई नाही, गर्दी नाही. सकाळी लवकर निघू. आजोबांना झेपेल तेवढेच जाऊ.’ मी तोंड उघडण्याआधीच लेकीने ‘हो’ म्हटले.

वाचकहो, अशा सफरीची तयारी कशी केली, ते इथेच सांगून टाकते. तुम्हाला उपयोगी पडेल. बोट लागू नये, म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी आणायचे माझ्या मनात होते. डॉक्टरांनी फोनवर अडवले. या गोळ्यांतील बहुतेक औषधांनी सुस्ती येते, आणि म्हाताऱ्या माणसांत त्यांनी गोंधळल्यासारखे होऊ शकते, तोल जाऊ शकतो, लघवी अडू शकते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. त्याऐवजी त्यांनी साधे उपाय सांगितले. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि भरल्या पोटीही जाऊ नये. दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. कारण कानातले तोलाचे इंद्रिय ‘हलतो आहोत’ म्हणते आणि जवळच्या वस्तूंवर खिळलेले डोळे ‘स्थिर आहोत’ म्हणतात, या भांडणातूनच मळमळ होते. जवळ आलेपाक ठेवावा. आणि बोटीत पुढच्या टोकाला मुळीच बसू नये. वेगातली बोट लाटेवर आदळते, तेव्हा सर्वांत जोराचा दणका पुढे बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाचा पाठीचा मणका अशा एका दणक्यानेही दबू शकतो. तेव्हा जागा मधली किंवा मागची आणि वेग बेताचा.

सकाळी सातला आम्ही खाडीवरच्या छोट्या धक्क्यावर गेलो. भरती चढत होती. मालकांनी तीच वेळ निवडली होती. भरतीला बोटीचा काठ आणि धक्का जवळजवळ एका पातळीत येतात, सुकतीला बोट खाली जाते आणि उतरावे लागते. अशा सफरीत सर्वांत धोक्याची जागा म्हणजे धक्का आणि बोट यांमधले ते एक पाऊल. तरंगणारे जाकीट चढवताना मी कमकुवत डावा हात आधी घातला, मग उजवा; अर्धांगवायूच्या माणसाला कपडे घालण्याची रीत तीच, आणि काढताना उलट. बोटीवरचा मदतनीस पोरगा यांचा डावा हात धरून ओढू लागला, तेव्हा लेकीने त्याला थांबवले. लुळा पडलेला खांदा ओढल्याने निखळू शकतो. आधार कमरेच्या पट्ट्याला धरून द्यायचा. धक्क्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. हे खुर्चीवरून बोटीच्या काठावर सरकून बसले, मग एकेक पाय आत घेतला. मला धीर धरवेना. मालक शांतपणे म्हणाले, ‘आजोबांनू, सावकाश येवा. होडी खंय पळान जाणा नाय.’ हे हसले.

खाडीचे पाणी ताटात ठेवल्यासारखे स्थिर होते. दोन्ही तीरांवर खारफुटीची झाडे, त्यांच्यामागे माड. एक ब्राह्मणी घार पाण्यावरून तिरपी होऊन गेली. मी हवेत हात धरून पाहिला. वारा जमिनीकडून समुद्राकडे, मंद, थोडा गार. मतलई वारा! इतकी वर्षे फळ्यावर खडूच्या बाणाने दाखवलेला वारा माझ्या बोटांमधून चालला होता. मालक म्हणाले, की या दिवसांत दुपारपर्यंत वारा फिरतो, समुद्राकडून येऊ लागतो आणि पाणी उसळते; म्हणून नाजूक माणसांना घेऊन जायचे ते सकाळीच. माझा भूगोल असा एका सकाळीत पुरा झाला.

संगमाच्या तोंडाशी बोट थांबली. तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि त्यावर लाटा फुटतात. मालकांनी लाटांच्या दोन रांगांमधली उसंत पाहिली, ‘घट्ट धरा’ म्हणून सांगितले, आणि बोट दोन-तीन वेळा वर-खाली होऊन बाहेर पडली. आणि मग समोर काहीच उरले नाही. म्हणजे पाणी होते. पण पाण्यापलीकडे काही नव्हते. आम्ही मराठवाड्याची माणसे. आमच्या पाण्याला नेहमी पलीकडचा काठ असतो, भिंत असते, दरवाजे असतात, मोजपट्टी असते. हे कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, ‘अगं, एवढं पाणी, अन् इथं कुणाची पाळीच नाही!’

किनारा डाव्या हाताला ठेवून आम्ही दक्षिणेला चाललो. भोगव्याची लांब वाळू, तिच्यामागे हिरवी टेकडी. पुढे निवतीचे खडक, सकाळच्या उन्हात पिवळेधमक. एके ठिकाणी मालकांनी इंजिन बंद केले. थोड्या वेळाने पाण्यातून राखाडी पाठी वर आल्या, वाकल्या आणि नाहीशा झाल्या. डॉल्फिन. एकामागून एक, घाई न करता. यांनी मोजायला सुरुवात केली, सात मोजले. मग त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून बोटीच्या काठावर ठेवला आणि बोटे पाण्यात सोडली. बोट हळूहळू चालू झाली तशी पाण्याची धार बोटांवर येऊ लागली. ‘ढकलतंय,’ हे म्हणाले. त्या हाताला काही तरी ढकलते आहे, आणि तो हात थोडे का होईना परत ढकलतो आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. चमत्कार झाला, असे मी म्हणणार नाही. बोटे तेवढीच हलत होती जेवढी घरी हलत. फरक एवढाच, की घरी मी सांगितले म्हणून हलत होती.

मी सुखावले आणि बेसावध झाले. साडेदहाच्या सुमारास ऊन चढले होते. यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटले, डुलकी लागली. लेकीने हाक मारली, तर उत्तर उशिरा आले आणि पुटपुटल्यासारखे आले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर गार घाम होता. वाचकहो, माझ्या पोटात जो गोळा आला तो कसा सांगू! दोन वर्षांपूर्वीची पहाट डोळ्यांसमोर उभी राहिली. किनारा दिसत होता, पण इस्पितळ कुठे? ‘मी नको म्हणत होते,’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. लेकीने मला मागे सारले.

तिने यांना बाकावर आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. मग विचारले, ‘बाबा, हसून दाखवा.’ तोंड वाकडे झाले नव्हते. ‘दोन्ही हात उचला.’ डावा नेहमीइतकाच उचलला गेला, कमी नाही. ‘आपल्या गावचे नाव सांगा.’ ‘आंबेजोगाई,’ हे म्हणाले, हळू पण स्पष्ट. चेहरा, हात आणि वाचा या तीन गोष्टी पाहायच्या असतात, हे तुम्हीही लक्षात ठेवा. यांतली एक जरी नव्याने बिघडलेली दिसली, तर वाट न पाहता, तोंडाने काहीही न देता, मोठे इस्पितळ गाठायचे. त्रास थोड्या वेळाने आपोआप थांबला, तरीही गाठायचे. मालकांनी तोवर बोट वळवली होती.

आडवे केल्यावर काही मिनिटांतच चेहऱ्यावर रंग आला. पूर्ण शुद्धीत आहेत, गिळताना ठसका लागत नाही, ही खात्री करून लेकीने त्यांना डोके उंच करून बसवले आणि साखर-मीठ-पाण्याचे घोट दिले. तेव्हा माझे लक्ष त्यांच्या पाण्याच्या बाटलीकडे गेले. सकाळी मी स्वतः भरून दिलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेलीच होती. मला आठवले, यांनी ती तीन-चार वेळा तोंडाला लावली होती. नुसते ओठ ओले केले होते.

किनाऱ्यावर येताच आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आडवे असताना आणि उभे केल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला. उभे राहताच तो बराच खाली येत होता. साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला. ते ठीक होते. ‘शरीरातले पाणी कमी झाले आहे,’ ते म्हणाले. ‘वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते, आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही घटते. त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि वर ऊन. काल रात्रीपासून किती पाणी प्यायलात, आजोबा?’

हे गप्प बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘साहेब, आवर्तन बंद ठेवलं होतं.’

डॉक्टरांना त्यातले काही कळले नाही. आवर्तन म्हणजे कालव्याची पाणीपाळी. धरणात साठा कमी असला, की ती बंद ठेवतात. मला कळले. आणि ती का बंद ठेवली, तेही कळले. घाटाच्या अलीकडे उच्चारलेला माझा तो एक शब्द, ‘पुन्हा?’, यांनी मनात ठेवला होता. बोटीवर तर जागाच नव्हती. लेक, जावई, परका माणूस आणि मी. कुणाला तरी आपल्यासाठी बोट थांबवायला सांगायची, त्यापेक्षा तहान बरी, असा हिशेब या हिशेबी माणसाने केला होता. गोळी तेवढी माझ्यासमोर, एका घोटात, नियमाने घेतली होती.

दोन वर्षे मी यांची किती काळजी घेतली, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. ती सारी काळजी खरी होती. पण त्या काळजीत माझ्या आवाजाचा सूर कसा आहे, हे मी कधी ऐकले नव्हते. रुग्णाची शुश्रूषा करणारे माणूस थकते, चिडते. त्याची लाज वाटायचे कारण नाही. परंतु आपल्या एका त्रासिक शब्दापायी समोरचे माणूस पाणी पिणे सोडू शकते, हे मला पंचाहत्तरीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याने शिकवले, तेही एवढ्या पाण्याच्या मध्ये बसून. खोलीत आल्यावर मी म्हटले, ‘माझं चुकलं हो.’ हे म्हणाले, ‘तुझं काय चुकलं? तूही दमतेस.’ आणि थोडे थांबून, ‘पण विचारायची लाज वाटते गं.’ बावन्न वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

दुपारभर त्यांनी विश्रांती घेतली, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे थोडे थोडे पाणी, ताक, पेज घेतली. चारच्या सुमारास पुन्हा रक्तदाब पाहिला. उभ्यानेही आता ठीक होता. डॉक्टरांनी समुद्र बंद केला, पण सांजवेळी सावलीत, संथ खाडीत तासभर बसायला हरकत नाही म्हणाले. आता निर्णय माझ्या हाती होता. नको म्हणायला सबळ कारण होते, आणि कुणी मला दोषही दिला नसता. मी मालकांकडे गेले आणि विचारले, ‘बोटीच्या मागच्या बाजूला एक पडदा बांधता येईल का?’ त्यांनी एक जुनी चादर आणि दोरी काढली. लेकीने औषधाच्या दुकानातून झाकणाचे लघवीचे भांडे आणले. इतकी साधी गोष्ट! दोन दिवसांपूर्वीच करता आली असती.

संध्याकाळची ती खाडी मी विसरणार नाही. सोनेरी पाणी, घरी परतणारे बगळे, आणि भरल्या बाटलीतून निश्चिंतपणे पाणी पिणारे हे. मध्येच ते पडद्यामागे जाऊन आले. जावई पाठ करून उभे राहिले. कुणी काही बोलले नाही. मग यांनी मालकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. भरती रोज किती उशिरा येते? खारे पाणी खाडीत किती आतवर चढते? विहिरी खारट होतात का? मालक म्हणाले, की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि दिवसातून दोनदा येते. ‘म्हणजे हिचीही पाळी आहे तर,’ हे म्हणाले. ‘सकाळी मी चुकलो.’ घरी असते, तर हे सारे ऐकून मी म्हटले असते, फार बोलू नका, दम लागेल. त्या संध्याकाळी मी ऐकत बसले.

परतीच्या वाटेवर लेकीने एक नियम केला. गाडी दर दीड-दोन तासांनी घड्याळाप्रमाणे थांबणार, आणि सगळेच उतरणार. कुणाला लागो वा न लागो. यांना विचारावे लागले नाही, मलाही सुस्कारा टाकावा लागला नाही. वाचकहो, तुमच्या घरातही हे करून पाहा. ‘तुम्हाला जायचे आहे का?’ असे चारचौघांत विचारण्यापेक्षा ‘चला, आपण सगळेच उतरू’ हे म्हणणे किती सोपे आहे! पाण्याचेही तसेच. ‘पाणी प्या’ असा धोशा लावण्याऐवजी मी आता माझाही पेला भरते आणि शेजारी बसून पिते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि बाटली भरून दिली, म्हणजे पाणी पोटात गेले, असे कुणीच समजू नये.

घरी येऊन आता काही महिने झाले. डावा हात अजून तसाच आहे. रोज सकाळी बादलीत बुडवून हे तो पाण्याविरुद्ध ढकलतात आणि मी न सांगता ढकलतात. अंगणातल्या ओट्यावर संध्याकाळी एकटे बसतात. वर्तमानपत्रातले धरणांचे आकडे पुन्हा मोठ्याने वाचले जाऊ लागले आहेत. सिंधुदुर्गातल्या विहिरी पाहायच्या राहिल्या, असे ते अधूनमधून म्हणतात. मी अजून ‘हो’ म्हटलेले नाही. मालवणच्या त्या पायऱ्या माझ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु मी ‘नको’ही म्हटलेले नाही. परवा मालकांना फोन करून विचारले, की सकाळची भरती, गर्दी नसलेला वार आणि पायऱ्यांपाशी एक खुर्ची, असे काही जमेल का? ते म्हणाले, ‘पावसाळा सरू दे, मग बघूया.’

यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबरचे पान उलटून पाहिले आणि तिथे काही तरी लिहिले. मी चष्मा लावून वाचले. लिहिले होते, ‘आवर्तन सुरू.’